वाघमारे सरांच्या पोटावरचे इलाज

पोट बिघडलं की डॉक्टरकडे माणूस एकटाच जातो, पण औषध सगळं गाव सांगतं. आदिलाबादला मी शिकवत होतो त्या शाळेत गणिताच्या वाघमारे सरांमुळे असे किस्से साठतच गेले. तेव्हा तेलंगण झालं नव्हतं, आदिलाबाद आंध्र प्रदेशात होतं.

सरांना कधी कळ, कधी गॅस, कधी वर्गातून धावत बाहेर. तपासण्या नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "आयबीएस आहे. जिवाला धोका नाही, फक्त चिंता कमी करा."

सर म्हणाले, "चिंता तं पोटाचीच होऊन राह्यली जी."

*

सगळ्यात आधी इसबगोल. सरांनी स्टाफरूममध्ये ग्लासात भिजवलं आणि घंटा झाली. तास संपवून आले, तर ग्लास रिकामा.

तेलुगूच्या राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, "सार, वो गोंद मैंने ले ली. चार्ट चिपकाना था."

चार्ट दसऱ्यापर्यंत भिंतीवर होता.

*

मग बेलाचा मुरंबा. माझ्या सासरवाडीला, मावला गावात, बेलाचं झाड आहे. मी ठासून सांगितलं, "सर, जुलाबावर यासारखं दुसरं काही नाही." बरणी दिली. रोज चमचाभर खायचा, पण सरांना चव आवडली.

पुढच्या आठवड्यात विचारलं, "थांबलं का?"

"सगळंच थांबलं," सर म्हणाले. "चिंता तीच हाय, फक्त दिशा बदलली."

*

सरांच्या मुलीला, सविताला, पाहायला उटनूरहून मंडळी आली. आधीची स्थळं मोडली होती. सर सकाळपासून पोट धरून. आधाराला म्हणून मला बोलावलेलं.

मुलाचे वडील पोह्यांना हात लावेनात. चहाही नको म्हणाले. सरांच्या बायकोचा, वहिनींचा, चेहरा उतरला.

शेवटी सरांनी विचारलं, "काऊन जी, आमचं काही चुकलं का?"

ते हळूच म्हणाले, "तुमचं नाही भाऊ. बसचा प्रवास असला का आमी काही खात नाही. पोटाचा भरोसा नाही."

सर सरसावून बसले. "कळ डावीकडं येते का?"

"डावीकडंच."

"जेवलं का लगेच?"

"लगेच."

सरांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. वहिनींनी जिरेपूड घालून ताक आणलं. ते त्यांनी घेतलं. मग ओवा, बडीशेप, पुदिन्याचा काढा, कशानं किती गुण आला, सगळं निघालं. दोघं हसायलाही लागले.

सविता ट्रे घेऊन येऊन उभी राहिली. कुणाचं लक्ष नाही. तिनं मुलाकडे पाहिलं, मुलानं तिच्याकडे.

मुलगा खाकरला. "बाबा, मुलगी आली."

"पसंत हाय," वडील मागं न बघता म्हणाले. "तू बोल तिच्यासंगं. हां सर, पुदिना वाळवून का ओला?"