आंब्याची डबल बेल

काम झालं की मास्तर झाडाच्या बुंध्यावर काठीने दोनदा ठोकायचे. टक टक. मग मान वर करून झाडालाच सांगायचे, "चला, जाऊ द्या."

तुम्ही श्रीवर्धनच्या एसटीने कधी आला असाल, तर ही डबल बेल तुमच्या ओळखीची असणार. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, ते हे मास्तर. निवृत्त झाल्यावर ते दिवेआगरला आमच्या शेजारच्या छोट्याशा वाडीत राहायला आले. नोकरी सुटली, पण बस काही सुटली नाही. किराणा दुकानात कुणी रेंगाळलं की मागून आवाज यायचाच, "सरका पुढं, पुढं रिकामं हाय!"

झाडांवरची अळीची जाळी काढायचा नाद त्यांना कधी लागला, देव जाणे. कुणाच्या परसात आंब्या-चिकूला जाळी धरली की लोक त्यांना बोलवत. नाही बोलावलं तरी ते येत. आल्यावर चहा मागत आणि चष्मा कपाळावर चढवून विचारत, "आत कोन बसलंय, ता आधी बघू."

आमची वाडी वादळात आडवी झाली. नारळ गेले, पोफळी गेल्या. अंगणातला आंबा तेवढा उभा राहिला. पर्यटकांसाठी आम्ही दोन खोल्या चालवतो. त्यांना न्याहारी वाढायची ती या आंब्याखाली. उजाड वाडीकडे पाठ करून बसता येईल अशी तेवढी एकच जागा उरली होती. मी रोज तिथेच बसून भाजी निवडायची.

पुढे एका पावसाळ्यानंतर त्या आंब्याची पानं एकमेकांना चिकटायला लागली. डहाळीच्या टोकाला करड्या जाळ्यात गुंडाळलेले वाळक्या पानांचे झुबके दिसू लागले. बघता बघता झाड वरून भाजल्यासारखं तपकिरी झालं. एका सकाळी पाहुण्यांच्या घावण्यांवर काळे बारीक दाणे पडले. पाहुण्या बाईंनी विचारलं, "हे तीळ आहेत का हो?" मी काय सांगणार? ती अळीची विष्ठा होती.

आमचे हे वैतागले. "तोडून टाकू आणि पत्र्याची शेड घालू," म्हणाले. करवतवाल्याशी बोलूनही आले. मला मात्र त्या झाडावाचून ते अंगण बघवलं नसतं. मी हट्टच धरला. तेव्हा यांनी शेवटचा उपाय काढला, चूड. आम्ही पडलो नारळाची माणसं. गांधीलमाशी असो की मुंग्या, वाळक्या झावळ्यांची चूड पेटवली की प्रश्न मिटला, अशी आमची समजूत. यांनी काठीच्या टोकाला चूड बांधली आणि काडी ओढली.

तेवढ्यात फाटकातून मास्तर ओरडत आले. "ओ भाऊ! पाशिंजर उतरवाचं सोडून गाडीच पेटवताव काय?"

चूड विझली. मास्तरांनी एक झुबका खाली ओढून मांडीवर उलगडला. आतून पट्ट्यापट्ट्यांची बारीक अळी मागच्या मागे सुळकन सरकली. "ह्यो बघा. बिनतिकिटाचा," मास्तर म्हणाले. "जाळ लावलात तर याच्याआधी झाडाची साल भाजंल."

"पण झाड गेल्यातच जमा आहे," हे म्हणाले.

"न्हाय. मोहोराच्या टायमापर्यंत थांबा. तवर पालवी न्हाय फुटली, तर मी सोता करवत धरतो."

यांनी नाखुशीने मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून मास्तर हजर. त्यांच्या बांबूचं टोक चिरलेलं होतं आणि फटीत खडा अडकवलेला होता. ते टोक जाळ्यात घालायचं, शेवया गुंडाळाव्यात तशी काठी फिरवायची आणि झुबका हिसडून खाली घ्यायचा. खाली मी साबणाच्या पाण्याची बादली धरून उभी. "उतरा, उतरा, शेवटचा स्टॉप!" असं म्हणत ते एकेक झुबका बादलीत बुडवायचे. आत एकमेकींत घुसलेल्या फांद्या त्यांनी विरळ केल्या, ऊन आत शिरलं. बुंध्याभोवतीची माती हलकेच उकरली. तिच्यातले कोष आमच्या कोंबड्यांनी आवडीने टिपले. शेंड्याला काठी पोचेना, तिथे तेवढा कडुनिंबाच्या तेलाचा फवारा मारला.

मास्तरांचं काही चुकत नसे, असं मात्र समजू नका. एकदा चष्मा कपाळावरच राहिला आणि त्यांनी हिरव्या पानांचा एक गोळा जोरात पिळला. ते निघालं हुमल्यांचं घर. हुमले म्हणजे पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या. त्या मास्तरांच्या सदऱ्यात शिरल्या. साठी उलटलेला माणूस आमच्या अंगणात सदरा फेकून असा नाचला की पाहुण्यांनी चहा ठेवून टाळ्या वाजवल्या. अंग चोळत मास्तर म्हणाले, "माझीच चूक. हे पाशिंजर न्हायत, वहिनी. हा आपला स्टाफ. अळ्या खातात हे. स्टाफला खाली उतरवायचा नसतो." तेव्हापासून मला पक्कं कळलं. पानं वाळकी आणि आत काळे दाणे, तर अळी. पानं हिरवी आणि घर स्वच्छ, तर हुमले. त्यांच्या वाटेला जायचं नाही.

झाड साफ झालं, आणि अगदी भुंडं दिसू लागलं. मी बुंध्यावर ठोकण्याची वाट पाहत होते. मास्तरांनी काठी खांद्यावर टाकली.

"बेल नाही दिलीत?"

"अजून न्हाय. गाडी सुटायच्या लायकीची झाली की देनार."

मोहोराचे दिवस आले. गावातली झाडं घमघमली, आमच्या झाडाला तुरा म्हणून नाही. फक्त पूर्वेच्या एका फांदीला तांबूस पालवी फुटली. हे बराच वेळ तिच्याखाली उभे होते. मग करवतवाल्याला फोन करून म्हणाले, "नको येऊ. पालवी आलीय." मला रडू आलं. मी भाजी निवडायच्या निमित्ताने मान खाली घातली.

पुढच्या पावसाळ्यात मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. समोरचा माणूसही त्यांना धूसर दिसायला लागला. मुलगी त्यांना पनवेलला घेऊन गेली. जाताना त्यांनी काठी आमच्या पडवीत उभी केली. "चाललो. गाडी सांभाळा," एवढंच म्हणाले. आंब्याच्या बुंध्यावरून त्यांनी हात फिरवला, पण ठोकलं नाही.

पाऊस सरल्यावर जाळी पुन्हा आली, पण थोडी. हे काठी फिरवायचे, मी बादली धरायची. एके दिवशी एका पाहुण्याने वरचा हिरवा गोळा काढून टाकायला सांगितला, तर हे त्याच्यावर खेकसले, "ओ, तो स्टाफ आहे!"

यंदा थंडीत एका सकाळी मी दार उघडलं आणि वास आला. मी अंगणात धावले. आंबा शेंड्यापासून खालपर्यंत मोहोरला होता. मी पनवेलला फोन लावला.

"मास्तर, मोहोर आलाय! सगळ्या झाडाला!"

 त्यांनी आधी विचारलं, "जाळी?"

"होती थोडी. उतरवली."

"आनि स्टाफ?"

"जागेवर आहे."

"मग गाडी कशाला उभी ठेवलीव? बेल द्या की."

मी काठी आणायला वळले, तर ती आधीच यांच्या हातात होती. मी फोन बुंध्याला टेकवून धरला. यांनी हळूच दोनदा ठोकलं.

"मोठ्यानं," फोनमधून आवाज आला. "डायवरला ऐकू जायला पायजे."

यांनी पुन्हा ठोकलं. टक टक. थोडा मोहोर आमच्या डोक्यांवर गळला. फोनमध्ये मास्तरांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि मग खणखणीत आवाजात ते म्हणाले, "चला, जाऊ द्या."