क्रेनकाकांना न समजलेला राइट बॅक

क्रेनकाका फुटबॉलची मॅच बघताना बॉलकडे बघायचे नाहीत. स्टील प्लांटच्या कॉलनीतल्या आमच्या सेक्टरच्या मैदानाला एका अंगाला सिमेंटच्या पायऱ्या होत्या. रिटायर झालेली, नाहीतर शिफ्ट आटोपून आलेली दहा-बारा माणसं संध्याकाळी तिथे बसून शाळेच्या पोरांच्या खेळावरून भांडत. बॉल डावीकडे गेला की सगळ्यांच्या माना डावीकडे. सगळ्यात वरच्या पायरीवरचे काका तेव्हा उजवीकडे, जिथे काहीच चाललेलं नाही तिथे, डोळे बारीक करून बघत असत.

उभा जन्म त्यांनी प्लांटमध्ये क्रेन चालवली होती, म्हणून हे नाव. कोणी त्यांच्या बघण्याला हसलं तर म्हणत, "माल तं हुकले बांधून असते. तो कुठं पळून जाते? पाहा लागते खालच्या मानसाइले."

मी तेव्हा अकरावीत होतो आणि शाळेच्या टीमचा राइट बॅक होतो. गोलच्या उजव्या अंगाला राहायचं आणि तिकडून पळत येणाऱ्याला अडवायचं, एवढंच माझं काम. त्या वर्षी पायऱ्यांवरचं भांडण माझ्यावरून होतं, कारण माझ्या बाजूने बॉल येतच नसे. पद्मनाभपूरहून स्कूटरवर येणारे देशकरकाका, रिटायर्ड क्लार्क, म्हणत, "हा पोरगा मैदानात येते कायले? अर्ध्या घंट्यापासून त्याच्या पायाले बॉल नाई लागला." माझे बाबा लगेच उसळत, "त्याच्या धाकानं येत नाई बॉल. पोरं दुसरीकून जातेत."

मला दोघांचंही पटायचं, हीच पंचाईत होती. अडवणारा चांगला असला तर त्याच्या वाटेला कोणी जात नाही. पण कोणी गेलंच नाही, तर तो चांगला आहे हे कळावं कसं? मी आरशात स्वतःच्या पायांकडे बघायचो आणि काही ठरवू शकायचो नाही. क्रेनकाका या भांडणात एक शब्द बोलत नसत. म्हणूनच मला फक्त त्यांचं मत हवं होतं.

आंतरशालेय फायनलला एका फुटबॉल अकादमीचे निवड करणारे साहेब आले. आम्ही जिंकलो. माझ्याकडे बॉल तीनदा आला, तीनदा मी तो बाहेर काढला. मॅच संपल्यावर साहेब पायऱ्या चढून वर गेले. काकांची ख्याती त्यांच्या कानावर आली असावी. मी खालच्याच पायरीवर बुटाची नाडी सोडत होतो.

"काकाजी, आप तो रोज देखते हैं. ये राइट बैक कैसा है?"

बाबा दोन पायऱ्या खाली बसले होते. त्यांनी मान वळवली. काका डोळे बारीक करून मैदानाच्या उजव्या अंगाकडे बघत राहिले. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"साब," काका म्हणाले, "मेरे को नहीं समझा."

साहेब आमच्या स्ट्रायकरला घेऊन गेले. बाबा आणि काका तुमसरकडचे, एकाच पट्टीतल्या गावांचे. माझ्या बारशाला पाळण्याची दोरी काकांनी बांधली होती. तरी त्या दिवसापासून बाबा पायऱ्यांवर जाईनात. बाजारात काका समोर दिसले तर गाडी वळवून घेत. घरी एकदाच बोलले, "एक शबद टाकला असता तं काय गेलं असतं त्याचं?"

चार दिवसांनी मी काकांच्या क्वार्टरवर गेलो. ते अंगणात वालाच्या वेलाला सुतळी बांधत होते.

"काका, तुमी कावून असं बोल्ले?"

"नाई समजलं तं नाई म्हटलं."

"रोज तं पाहता मले."

"रोज पाहतो, म्हनूनच. तुयाकडे कोनी येतच नाई तं मी काय पाहू?" त्यांनी गाठ मारली, सुतळी दाताने तोडली. "अइतवारी सकाळी खुर्सीपारले ये. बूट आनजो."

खुर्सीपारच्या मैदानावर ठेक्यावर काम करणारी मोठी माणसं खेळत, अर्धी अनवाणी. काकांनी त्यांच्यातल्या सगळ्यात वेगवान माणसाला बाजूला घेतलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि हिंदीत सांगितलं की आज सगळे बॉल ह्याच्या बाजूनेच न्या. आणि ती माणसं माझ्याच बाजूने आली. पहिल्या रविवारी त्यांनी मला इतक्या वेळा चकवलं की शेवटी मी त्यांच्या पाठीच बघत होतो. गुडघे सोलले. दुसऱ्या रविवारी तेच. बाबांना मी शिकवणीला जातो म्हणून सांगितलं होतं. रविवारी कसली शिकवणी, हे त्यांनी विचारलं नाही.

काका कधी शाबास म्हणाले नाहीत, कधी रागावलेही नाहीत. पावसाळा गेला, थंडी आली. मी परतीच्या वाटेवर विचारायचो, "आता समजलं का काका?" ते म्हणायचे, "समजून राहिलं थोडं थोडं." मी चांगला होत होतो की काका मला माझी लायकी दाखवत होते, कोण जाणे. तरी रविवार उजाडला की मी जायचो.

पुढच्या वर्षी साहेब पुन्हा आले आणि सरळ काकांकडे गेले. या वेळी मी मैदानात होतो. दोघांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. मला ट्रायलला बोलावणं आलं. अकादमीत मी दोन वर्षं खेळलो, पुढच्या निवडीत गळलो आणि परत आलो. आता रिसालीच्या एका शाळेत खेळ शिकवतो. मी परत येईपर्यंत काका क्वार्टर सोडून गावी गेले होते.

एका सुटीत मी त्यांच्याकडे गेलो. डोळ्यांना कमी दिसत होतं, आवाजावरून ओळखलं. चहा झाल्यावर मी विचारलं, "दुसऱ्या वर्षी तुमी साहेबाले काय सांगतलं होतं?"

त्यांनी जरा आठवलं. "म्हटलं, हा पोरगा हारते. पन जिथं हारला, पुढच्या बॉलले तिथंच उभा राह्यते. चांगला हाय का नाई, ते तुमी पाहा. मले आताबी पुरतं नाई समजलं."

ही तारीफ होती की नव्हती, याचा विचार करत मी तुमसर रोड स्टेशनवर गाडीत बसलो. दुर्ग आलं तरी ठरलं नाही.

घरी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. खुर्सीपारचे रविवारही सांगितले. बाबांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "फोन लाव त्याले."

फोन लावून दिला. दोघंही कितीतरी वेळ नुसते "हो… हो… हो ना" म्हणत होते. कोण कोणाला काय कबूल करत होतं, शेवटपर्यंत कळलं नाही. फोन ठेवून बाबा अंघोळीला निघून गेले.

त्याच उन्हाळ्यात क्रेनकाका वारले. मी शाळेच्या टीमबरोबर रायपूरला होतो. परत आलो तर घराला कुलूप. शेजारच्या काकूंनी सांगितलं, बाबा सकाळच्या गाडीने एकटेच तुमसरला गेले आणि तेराव्यापर्यंत तिकडेच राहणार आहेत.