टाचेचे बूट रुळवणारा पोस्टमन

पोस्टमनचा पाय सात नंबरचा, आणि सगळा घोळ त्या पायापासूनच सुरू झाला.

तो एकदा बूट शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे रजिस्टर पत्र द्यायला गेला. सही करता करता म्हाताऱ्याची नजर त्याच्या पायांवर पडली ती हलेचना. सही अर्धी टाकून त्याने टेप काढली आणि तिथल्या तिथे पोस्टमनचा पाय मोजला. लांबी तीच, रुंदी तीच, अंगठ्याजवळचा उंचवटासुद्धा तोच. कुणाचा म्हणाल, तर त्या प्रसिद्ध गायकाचा, जो ह्याच म्हाताऱ्याने शिवलेले चार बोटं उंच टाचेचे बूट घालून स्टेजवर गातो.

हा गायक आवाजाने वाघ, पण पायांनी अगदीच नाजूक. नवे बूट घातले की दुसऱ्या गाण्याला फोड आणि तिसऱ्याला डोळ्यांत पाणी. लोकांना वाटायचं, काय आर्त गातो हा माणूस. म्हाताऱ्याला खरं काय ते माहीत होतं. ते जाड कातडं कुणीतरी महिना-दीड महिना चालून रुळवून द्यायला हवं होतं, आणि रोज दहा-बारा किलोमीटर चालणारा सात नंबरचा माणूस आयताच दारात उभा होता. बदल्यात काय, तर कार्यक्रमाची पहिल्या रांगेतली दोन तिकिटं. पोस्टमन लगेच हो म्हणाला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या पायांचं कौतुक करणारा हा पहिलाच माणूस भेटला होता, मग नाही कोण म्हणेल?

आता घरचं सांगतो. पोस्टमनची बायको शाळेत कवायत शिकवायची. दोनशे पोरांत एकाचा डावा पाय चुकला तरी तिला पाठमोरी असताना कळायचं. अशा बाईच्या पदरात पडलं काय, तर उजवीकडे कलून चालणारा नवरा. इतकी वर्षं डाव्या खांद्यावर थैली, तोल साधायला अंग उजवीकडे झुकलं ते झुकलंच, थैली नसली तरी. त्यात मधेच थांबायचं, मान वर करायची, पुन्हा निघायचं. लग्नानंतर सहा महिने बाईने त्याला गच्चीवर एक-दोन, एक-दोन करून बघितलं आणि मग हात टेकले. तेव्हापासून दोघं बाहेर पडले की बाई समोरच्या फुटपाथवरून चालायची. भांडण नाही, अबोला नाही, फक्त मधे रस्ता. बाकीची जोडपी गप्पा मारत जायची, आणि हा बिचारा गाड्यांच्या वरून बायकोला खुणा करत. त्याला ते लागायचं. फार लागायचं. पण बोलायचं कुणापाशी?

तर बूट आले. काळेभोर, चकचकीत, गुडघ्यापर्यंत चेन. पोस्टमनने खाकी पँट आत खोचली आणि टॉक टॉक करत ऑफिसात शिरला. मोठ्या साहेबांनी नियमांचं पुस्तक मागवलं. त्यात होतं, बूट काळे, चामड्याचे आणि पॉलिश केलेले असावेत. टाचेचा विचार पुस्तक लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आला नव्हता. साहेबांनी पोस्टमनच्या बुटांकडे बघितलं, मग स्वतःच्या धुळकट बुटांकडे, आणि पुस्तक मिटून टाकलं.

पहिला आठवडा तो नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखा चालला. दिव्याचे खांब धरून पत्रं वाटली. न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाईकासकट बाहेर येऊन बघायचा, आणि गिऱ्हाईक तक्रार करायचं सोडून आणखी पुढे यायचं. वर्षानुवर्षं मागे लागणारी कुत्री एकदम गप्प झाली, कारण वास ओळखीचा आणि उंची अनोळखी, भुंकायचं कुणावर हेच त्यांना ठरवता येईना. एका मावशींनी तर असले बूट कुठे मिळतात म्हणून विचारून घेतलं, जावई फार बुटका होता म्हणे. दुसऱ्या आठवड्यात पोस्टमनचा हात सगळ्यात उंच पत्रपेटीला लागायला लागला. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायला लागलं होतं.

पण अकराच्या सुमाराला त्याची फेरी शाळेच्या मैदानासमोरच्या घरांवरून जायची, आणि तिथेच माशी शिंकली. महिनाभराची सुट्टी संपून शाळा उघडली आणि पोरांनी ते बूट बघितले. दुसऱ्या दिवशी बाईने शिट्टी फुंकली आणि दोनशे पोरं चवड्यांवर उभी राहून, उजवीकडे कलून, टॉक टॉक तोंडाने म्हणत निघाली. मुख्याध्यापक खिडकीत उभे होते.

त्या संध्याकाळी बाई अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, घरात काय वाटेल ते घाला. पण ते बूट पुन्हा रस्त्यावर दिसले, तर मी ताईकडे जाईन. परत कधी येणार ते विचारू नका."

पोस्टमनने बूट अजून काढले नव्हते, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच तो बायकोच्या डोळ्यांत सरळ बघून बोलला. आठच दिवस राहिलेत, म्हणाला, आणि मी शब्द दिलाय. बाईने बॅग भरली.

ते आठ दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. दिवसा टॉक टॉक, संध्याकाळी रिकामं घर. कसल्या भानगडीत पडलो मी, म्हणून तो रोज स्वतःला शिव्या घालायचा आणि रोज सकाळी चेन वर ओढायचा. नवव्या दिवशी बूट म्हाताऱ्याला दिले. मग एक तिकीट पाकिटात घातलं, वर ताईंचा पत्ता लिहिला, रीतसर स्टँप लावून पेटीत टाकलं. चिठ्ठी लिहायला घेतली होती, पण "सौ." च्या पुढे गाडी सरकेना.

कार्यक्रम दुपारी चारचा. तिसरी घंटा होईपर्यंत शेजारची खुर्ची रिकामीच. दिवे मंद झाले तेव्हा बाई आली, बसली आणि दोघांच्या मधे पर्स ठेवली.

पडदा उघडला. गायक ऐटीत आला, आणि तिसऱ्या पावलाला उजवीकडे कलला. कलणारच. दीड महिन्यात टाच उजव्या बाजूने झिजली होती, कातडं त्याच वळणाने बसलं होतं. तोल सावरायला तो थांबला, मान वर केली, पुन्हा निघाला. लोकांना वाटलं नवी स्टाइल. शिट्ट्या काय, टाळ्या काय, मागच्या रांगा तर बसल्या जागी उजवीकडे झुकल्या. पोस्टमनला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. ज्या चालण्याची बायकोला लाज वाटायची, ते आता हजार माणसांसमोर, दिव्यांच्या झोतात, वाद्यांसकट चाललं होतं.

मध्यंतर झालं तशी बाई उठली आणि तरातरा निघाली. आता ही ताईकडे जाते ती कायमचीच, म्हणून पोस्टमन मागे धावला. पण बाई बाहेरच्या दाराकडे वळलीच नाही. ती थेट स्टेजमागच्या खोलीत घुसली. तिथे गायक पाय टेबलावर ठेवून सगळ्यांना सांगत होता की ही चाल त्याला आपोआप सुचली.

"ही चाल माझ्या नवऱ्याची आहे," बाई म्हणाली. "आणि तुम्ही ती चुकीची चालताय. उठा."

गायक उठला. बाईचा तो आवाज ऐकून मुख्याध्यापकसुद्धा उठायचे.

"एवढं नाही झुकायचं. ते दोनच बोटं झुकतात. दर बाराव्या पावलाला डावा खांदा उडवतात, थैलीचा पट्टा वर घ्यायला. आणि तुम्ही सारखी मान वर करताय, तसं ते करत नाहीत. पत्र असेल त्या घरापुढे मान वर असते. ज्या घरी पत्र नसतं, तिथून ते खाली बघत जातात, बारीक पावलं टाकत. आतल्या माणसाला उगीच आशा लागू नये म्हणून."

हे पोस्टमनला स्वतःलाच माहीत नव्हतं. रोज अकरा वाजता, तोंडात शिट्टी धरून, दोनशे पोरं समोर असताना ही बाई कुंपणापलीकडे बघत होती तर. पावलं मोजत होती. आणि हा वेडा माणूस इतकी वर्षं धरून चालला होता की ती आपल्याकडे बघायचं टाळते.

"अहो, जरा चालून दाखवा ह्यांना," बाई म्हणाली.

पोस्टमन पुढे झाला आणि त्याला आधी कुठला पाय टाकायचा तेच आठवेना. डावा हात आणि डावा पाय एकदमच पुढे गेले. वादक तोंडावर हात ठेवून हसायला लागले. बाई रागावली नाही. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "माझ्याबरोबर चला."

दोघं शेजारी शेजारी चालायला लागले. गायक मागून त्यांची पावलं बघत, टॉक टॉक करत येत होता.