ट्रेलरला ब्रेक नसतो

कारखान्याचं धुराडं पेटलं की आमची चूल दोन्ही वेळा पेटायची. धुराडं विझलं की एकदाच. एवढ्यावरून आमचं घर कळावं.

वडील हंगामात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते, ऊस ओढायचे. उन्हाळ्यात वीटभट्टीवर जायचे. पावसाळ्यात मिळेल ते करायचे, आणि बऱ्याचदा काहीच मिळायचं नाही. आई बायकांच्या टोळीबरोबर भांगलायला जायची. दुसऱ्यांच्या रानातलं तण उपटून तिच्या बोटांना हिरवट काळा रंग बसला होता, तो सणालाही निघायचा नाही. वडील चौथीपर्यंत शिकलेले, आई शाळेची पायरीही न चढलेली. जोतिबाच्या डोंगराखाली, उतार संपतो तिथं रस्त्याला लागून आमची पत्र्याची खोली होती. तीही भाड्याची. पाऊस पडायला लागला की पत्र्याचा एवढा आवाज व्हायचा, की जेवताना भाकरी हातानं खुणावून मागायची.

हे मी कुणाला कीव यावी म्हणून लिहीत नाही. कीव आम्हाला खूप मिळाली, तिनं काही झालं नाही.

वडलांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. आमच्याकडं ऊस दोन ट्रेलरमध्ये भरतात, एकामागं एक जोडलेले, रस्त्यावरच्या तारांना टेकतील एवढे उंच. ट्रॅक्टरला ब्रेक असतो, ट्रेलरला नसतो. उतार लागला की ड्रायव्हर गेअर काढून न्यूट्रल करतो. इंजिनाची घरघर एकदम खाली येते आणि सगळं ओझं आपल्याआपण पळत सुटतं. याला आमच्याकडं 'सोडणं' म्हणतात. डिझेल वाचतं. सगळेच सोडतात, पण वडलांसारखं कुणी सोडत नाही, असं सगळ्या अड्ड्यावर बोललं जायचं. मालक चारचौघांत म्हणायचा, "माझा ड्रायव्हर अख्खा डोंगर डिझेलच्या वासावर उतरतोय." त्या एका वाक्यावर वडलांना दरसाल स्टेअरिंग मिळायचं. मालकाला ते वाक्य बोलायला काही पडत नव्हतं.

मी सातवीत होते. संक्रांत होऊन गेली होती. दुपारी शाळेत निरोप आला, की तुझ्या घराजवळ ट्रॅक्टर पलटी झालाय. कुणाचा ते सांगायची गरज नव्हती, सांगणाऱ्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

वडलांनी वरून सोडला होता. वळणावर समोर म्हशी आल्या. त्यांनी ब्रेक दाबला. मागच्या ट्रेलरांनी ट्रॅक्टरला रेटलं, तो आडवा झाला, आणि पहिला ट्रेलर त्याच्यावर कलंडला. म्हशी सगळ्या वाचल्या. वडलांचा डावा पाय मडगार्डखाली सापडला होता.

कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला. आई रानात होती. तिनं नवऱ्याच्या आधी तो व्हिडिओ बघितला, टोळी चालवणाऱ्या मुकादमणीच्या मोबाईलवर. त्यात रस्ताभर ऊस पडलेला, माणसं "जॅक आण की रं, जॅक!" म्हणून ओरडतायत, आणि एका कोपऱ्यात वडलांची एक चप्पल सरळ, नीट ठेवल्यासारखी. आई अजून त्या चपलेबद्दलच बोलते.

सरकारी दवाखान्यात पाय गुडघ्याच्या वरून काढला. मालक एकदा येऊन गेला. मोसंबी आणली, पलंगापाशी उभा राहून "देव पाठीशी हाय" म्हणाला, आणि गावात जाऊन चौकात सांगितलं, "घेऊन हुता. न्हायतर माझा ड्रायव्हर आसा चुकत न्हाय."

वडील दारूला शिवत नव्हते. पण हे चौकात कोण जाऊन सांगणार? घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगायचे. "ब्रेक दाबलता मी. दोन्ही पायांनी दाबलता. उभा ऱ्हायलो हुतो ब्रेकवर." माणसं चहा प्यायची आणि म्हणायची, "व्हय की. नशिबात हुतं." बाहेर पडली की चप्पल घालता घालता एकमेकांकडं बघायची. पत्र्याच्या खोलीत सगळं दिसतं.

जूनमध्ये आठवीत माझं नाव घातलं तेव्हाच आईनं सांगून टाकलं. "दिवाळीपतोर जा. मग टोळीत ये. मुकादमणीला बोलून ठिवलंय."

"आन् शाळा?"

"शाळा काय पळून जाती व्हय? ह्येंच्याकडं बघ जरा."

मी बघितलं. वडील भिंतीकडं तोंड करून पडले होते. त्यांनी बोलावं, एवढीच माझी इच्छा होती. अभ्यासाची मला एवढी गोडी होती असंही नाही, पण त्या रानात एकदा वाकलं की परत ताठ उभं राहता येत नाही, हे मी आईकडं बघून शिकले होते.

श्रावणात विज्ञानाच्या सरांनी बलाचा धडा घेतला. सर शहरातून मोटरसायकलवर यायचे, सरळ माणूस. त्यांनी काचेच्या ग्लासवर पुठ्ठा ठेवला, पुठ्ठ्यावर नाणं ठेवलं आणि पुठ्ठ्याला टिचकी मारली. पुठ्ठा उडाला, नाणं ग्लासात पडलं. "हे जडत्व," सर म्हणाले. "वस्तू आहे त्या अवस्थेत राहायला बघते. थांबलेली थांबून राहते, पळणारी पळत राहते. आता सांगा, एस.टी.नं ब्रेक मारला की आपण पुढं का जातो?"

"ड्रायव्हर नवा असतोय सर!"

वर्ग हसला, सरही हसले. मग मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, ट्रॅक्टरनं ब्रेक मारला तर ट्रेलर कुठं जातोय?"

"ट्रेलरचाही ब्रेक लागेल ना."

"सर, ट्रेलरला कुठं ब्रेक असतोय!" सगळा वर्ग एकदम ओरडला. निम्म्या पोरांचे बाप, चुलते ट्रॅक्टरवरच होते.

सर म्हणाले, "मग ट्रेलर पळतच राहील. ट्रॅक्टरला पुढं ढकलेल."

"ढकलला की! हिच्या पप्पाला ढकलला." पोरगं माझ्याकडं बोट करून म्हणालं. "न्यूट्रल मारलेला. आमचा चुलता सांगत हुता."

कुणी हसलं नाही. माझे कान तापले. रडू येईल म्हणून मी उभी राहिले. उभं राहिलं की रडता येत नाही, हा माझा तेव्हाचा समज.

"सर, गेअरमध्ये असता तर?"

सरांनी मला 'बस' म्हटलं नाही, 'नंतर बोलू' म्हटलं नाही. ते म्हणाले, "मी ट्रॅक्टर कधी चालवलेला नाही, त्यामुळं तुझ्या वडलांचं मी सांगू शकत नाही. पण हे नक्की सांगतो. ओझं जितकं जास्त आणि वेग जितका जास्त, तितकं थांबवायला बल जास्त लागतं. खालच्या गेअरमध्ये इंजिनच चाकांना धरून ठेवतं, वेग वाढूच देत नाही. न्यूट्रलमध्ये धरणारं कुणी नसतं. मग सगळं एकट्या ब्रेकवर येतं."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की वडील खरं बोलत होते. ब्रेक त्यांनी दाबला होता. ते प्यायले नव्हते, झोपले नव्हते. आणि त्याच वेळी हेही कळलं, की ब्रेक दाबायच्या कितीतरी आधी, वर डोंगरावर, गेअर काढला तेव्हाच जे व्हायचं ते ठरून गेलं होतं.

रविवारी पावसाची उघडीप होती. आई रानात गेली होती. शेजारच्या पोरांचा बेरिंगचा गाडा होता, फळीला जुनी बेरिंगं ठोकलेला. मी तो मागून आणला, त्यावर घरातला वरवंटा आणि दोन विटा बांधल्या, मागं दोर लावला. आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत उतारच आहे. वडलांची बाज मी दाराशी ओढली.

"काय चाललंय तुझं?"

"बघा तरी पप्पा."

आधी मी दोर वरूनच ताणून धरला आणि पावलापावलानं गाडा खाली नेला. अलगद आला. एका हातानं धरता येत होता. मग परत वर आणला आणि सोडून दिला. गाडा पळाला, मी बाजूनं पळाले, आणि रस्ता जवळ आल्यावर दोर दोन्ही हातांनी धरला. दोर तळहातातून सरसरत गेला. गाडा थांबला नाही. मला ओढत रस्त्यावर घेऊन गेला, तिरपा झाला आणि वरवंटा गटारीत.

मी वर आले तेव्हा वडील माझ्या तळहाताकडं बघत होते. कातडी निघाली होती.

"मीबी आसाच धरला हुता," ते म्हणाले.

"व्हय. तुमी धरलाच हुता. पण वेग आधीच आल्ता."

रस्त्यानं एक एस.टी. गेली. मग त्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, वाटेवरच्या पावण्याला गाव विचारावं तसं, "गेअरात असता तर थांबला असता?"

घरात आलेल्या प्रत्येक माणसानं या जागी "नशीब" म्हटलं असतं. माझ्याही तोंडाशी तेच आलं होतं. पण हात जळजळत होता.

"थांबला असता, पप्पा. बहुतेक थांबला असता."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आईनं ताट सारलं ते तसंच राहिलं. आईनं मला विचारलं, "काय बोल्लीस त्यास्नी?" मी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "मेलेल्याला मारलंस की गं."

मला तेच वाटत होतं. पुढं महिनाभर वडील माझ्याशी बोलले नाहीत. पण "मी ब्रेक दाबलता" हे वाक्यही परत कधी त्यांच्या तोंडून आलं नाही.

दिवाळीचा फराळ त्या वर्षी नव्हताच. भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मुकादमणी दारात आली. "चला, नवं माणूस कुठाय? डोक्याला फडकं बांध गं. ऊन तुझ्या शाळंचं न्हाय, रानातलं हाय."

आईनं माझ्यासाठी जुनं खुरपं आधीच धार लावून ठेवलं होतं. मी फडकं बांधलं.

"ती येणार न्हाय," वडील बाजेवरून म्हणाले.

आई वळली. "मग खायाचं काय? तिचं पुस्तक?"

"काय बी खाऊ. ती शाळंला जाणार."

"आवो, पाय गेला तुमचा, डोस्कं तर ऱ्हाऊ द्या!"

"आगं, एवढी माणसं आली," वडील म्हणाले. "एकानं सांगितलं दारू, बाकीच्यांनी सांगितलं नशीब. चूक कुठं झाली त्ये ह्या पोरीनं सांगितलं. मला आजपतोर कुणी आसं काय सांगितलंच न्हवतं. कुणी सांगितलं असतं तर दोन पायांवर असतो मी. हिला शिकू दे."

मुकादमणी म्हणाली, "शिकून काय ट्रॅक्टर थांबीवणार हाय व्हय?" आणि हसत निघून गेली. आईही तिच्यामागं गेली. जाताना माझ्याकडं बघितलं नाही. मी डोक्याचं फडकं सोडलं, दप्तर घेतलं.

यानंतर सगळं बरं झालं, असं नाही. धुराडं पेटलं आणि रस्त्यावर ट्रॅक्टर सुरू झाले. वडील बाजेवर पडून ऐकायचे. वरून येणारी घरघर वळणाच्या आधी एकदम खाली गेली, की समजायचं, सोडला. तेव्हा त्यांचा उरलेला पाय ताठ व्हायचा. पांघरुणातूनही मला दिसायचं. ट्रॅक्टर दारावरून सुखरूप जाईपर्यंत ते श्वास सोडायचे नाहीत. कुबडीवर उभं राहता यायला लागल्यावर ते रस्त्याकडेला जाऊन हात करायचे, "गेअरात घ्या रं, पहिल्या गेअरात घ्या!" ड्रायव्हर ओळखीचेच. मोठ्यानं लावलेल्या गाण्यांतून ओरडायचे, "तात्या, आता तुमी शिकीवणार व्हय?" एकानंही गेअर टाकला नाही. मालकानं नवा ड्रायव्हर ठेवला होता. तोही डिझेलच्या वासावर उतरतो, असं मालक चौकात सांगायला लागला होता.

मी बारावीत असताना वडलांना कावीळ झाली. अंगात ताकद उरली नव्हती, आठवड्यात गेले. ऐन हंगाम होता. तिरडी रस्त्यावर आली तेव्हा ट्रॅक्टर रांगेनं थांबले होते, इंजिनं बंद करून. ते थांबलेले मी तेवढेच बघितले.

कॉलेजची वर्षं आईच्या गुडघ्यांवर निघाली. ती आता खाली बसू शकत नाही. कोल्हापूरला जायची पहिली एस.टी. मी उभ्यानं धरायची, ब्रेक लागला की पुढं जायची आणि प्रत्येक वेळी मनात 'जडत्व' म्हणायची. वर्गात माझं बोलणं ऐकून पोरी तोंड दाबून हसायच्या. हसू देत. त्यांच्या घरी आधी कुणीतरी शिकलेलं होतं, माझ्या घरी नव्हतं. तेव्हा त्यांच्यापेक्षा मी जास्त चढ चढून आले होते, हे मला माहीत होतं. आजही माहीत आहे.

आता मी हायस्कुलात आठवीला विज्ञान शिकवते. बलाच्या धड्याला फळ्यावर एस.टी. काढत नाही, ट्रॅक्टर काढते आणि मागं दोन ट्रेलर. पोरं माझं ऐकतात, वहीत काढतात. शाळा सुटली की परत त्याच रस्त्यानं घरी जातात, आणि वरून येणारी घरघर अजून वळणाच्या आधी खाली जाते.

तो उतार मला थांबवता आला नाही. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, प्रथम श्रेणीत. आमच्या घरातली ही पहिली पदवी.