उभ्याने प्यायलेले सात गुरुवार

सदर इसमाचे नाव ओटमार डोरश. वय एकाहत्तर. राहणार बाम्बेर्ग, जुन्या पुलापलीकडे. उंची बेताची, वर्ण तांबूस, बांधा बिअरला अनुरूप. व्यवसाय: ब्रुअरीत बिअरसाठी मोड आलेले जव बीच झाडाच्या लाकडाच्या धुरावर सुकवणे, बत्तीस वर्षे, सध्या निवृत्त. गुरुवारच्या टेबलाचे सभासदत्व: अखंड. तंटेबखेडे: नोंद नाही. गावची माहिती: संपूर्ण.

हा मजकूर, दर गुरुवारी ब्रुअरीत जमणाऱ्या मित्रांच्या ठरलेल्या टेबलाच्या चाळिसाव्या वर्धापनदिनी, ओटमारनेच लिहून, चौकटीत बसवून भिंतीवर लावला होता. त्यामुळे त्यात एरहार्ट केस्टलर नाही.

एरहार्ट पोस्टमन होता आणि ओटमारच्या डाव्या हाताला बसायचा. सहा वर्षांपूर्वी एका गुरुवारी त्याने पहिला घोट घेतला, ओठ पुसले आणि म्हणाला, "यंदा बिअरला धूर जरा कमी पडलाय, नाही?"

टेबलावरच्या सगळ्यांनी ओटमारकडे पाहिलं. ओटमार नुकताच निवृत्त झाला होता. तो धूर त्याच्या हातचा शेवटचा होता.

"पत्रं वाटणाऱ्याला धुरातलं काय कळतंय?" ओटमार म्हणाला. "तू पाकिटं चाट."

एरहार्टने बिअर संपवली. कपाटातल्या खिळ्याला टांगायचा आपला मातीचा मग त्याने स्वतः विसळला, काखेत मारला आणि समोरच्या ब्रुअरीत जाऊन बसला. असा आपला मग उचलून नेणं म्हणजे आमच्याकडे घटस्फोटच, फक्त वकील लागत नाही. दुसऱ्या गुरुवारी ओटमारने टेबलावर कायदा केला, की एरहार्टचं नाव इथं कोणी काढायचं नाही. बाकीच्यांनी तो पाळला. बाम्बेर्गमध्ये लोक चर्चमध्ये डुलक्या घेतील, पण टेबलाचा कायदा मोडणार नाहीत.

मग टेबलावरच्या आठांचे तीन झाले. तिघांतल्या एकाला ऐकू येईना, दुसऱ्याला डॉक्टरने बिअर तोडली. तो सफरचंदाचा रस पुढ्यात ठेवून सगळ्यांना अपराधी वाटायला लावायचा. डाव्या हाताची खुर्ची रिकामीच राहिली. ओटमारला एरहार्ट परत हवा होता. कोणी विचारलं असतं, तर त्याने साफ नाकारलं असतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी तो रस्ता ओलांडून समोर गेला.

आता गावची रीत अशी, की येणाऱ्याने टेबलावर बोटांच्या पेरांनी ठोकायचं आणि बसलेल्यांनी "बस" म्हणायचं. एवढंच. हात मिळवणं नाही, माफी नाही, मागचं काही नाही. निम्म्या गावाची भांडणं या ठोक्यावर मिटलेली आहेत. पण ओटमारने मनाशी हिशेब मांडला होता: रस्ता मी ओलांडला, म्हणजे माझं अर्धं झालं, उरलेलं अर्धं त्याने करावं.

म्हणून तो आत न जाता दाराजवळच्या बोळात, उभ्याने पिणाऱ्यांना बिअर द्यायच्या खिडकीशी थांबला. तिथून उघड्या दारातून एरहार्ट समोरच दिसत होता. एरहार्टने मान वर केली, थेट ओटमारकडे पाहिलं आणि पुन्हा बिअरकडे वळला.

"बघूनसुद्धा ओळख नाही," ओटमार पुटपुटला. पुढच्या गुरुवारी तो परत आला. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या गुरुवारी हँबुर्गचं एक प्रवासी जोडपं आलं. बाईच्या हातात गावच्या रीतींची पुस्तिका होती. तिने त्यातलं पान वाचलं, धीर करून एरहार्टच्या टेबलापाशी गेली आणि दोन वेळा ठोकलं.

"बस," एरहार्ट हसून म्हणाला. "कुठली गं तू? हात तर नवीन दिसतोय."

ओटमारने ग्लास खाली ठेवला. परगावची बाई, जिला आपली धुरकट बिअर म्हणजे जळक्या डुकराचा रस्सा वाटते, तिला खुर्ची. आणि इथं बालपणापासूनचा मित्र बोळात थंडीत उभा.

वाढपीण गेर्लिंडे रिकामे ग्लास गोळा करत होती. "अरे ओटमार, पायांना मुळं फुटतील तुझ्या. जा, ठोक आणि बस."

"मी कशाला ठोकू? बघतोय ना तो माझ्याकडे. टक लावून बघतोय."

गेर्लिंडेचं हसू मावळलं. "तुझी जीभ सडकीच राहिली रे," ती म्हणाली आणि ग्लास आपटत निघून गेली. तिने नंतर त्याला बिअर दिली, पण बोलली नाही. हिला काय झालं, ओटमारला कळेना. बायकांचं असंच, अशी त्याने समजूत घातली.

सातव्या गुरुवारी त्याने बोळातून एक पाऊल आत टाकलं. उजव्या हाताची मूठही वळली होती. तेवढ्यात एरहार्टने पुन्हा वर पाहिलं, तसंच, भिंतीकडे पाहावं तसं. ओटमारने मूठ खिशात घातली आणि घरी गेला.

आठव्या गुरुवारच्या आधी, मंगळवारी एरहार्ट झोपेत गेला.

दफनानंतरचं जेवण त्याच ब्रुअरीत होतं: व्हिनेगरमधले सॉसेज, पाव, बिअर. एरहार्टची बायको इर्मा ओटमारच्या शेजारी येऊन बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जड गेलं.

"गेर्लिंडे सांगत होती, तू येऊन उभा राहायचास."

"यायचो. तो बघायचा आणि तोंड फिरवायचा."

इर्माने हातातला पाव खाली ठेवला. "तो कसा बघणार, ओटमार? गेलं दीड वर्ष त्याला उजेड-अंधाराशिवाय काही दिसत नव्हतं. टेबल वाजलं की माणूस ओळखायचा. आज अमक्याचा हात सुजलाय, आज तमका घाईत आहे. तू कसा ठोकायचास ते नातवंडांना करून दाखवायचा. दोन लागोपाठ, तिसरा जरा थांबून."

ओटमारने सॉसेजची ताटली दूर सारली.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"सगळ्या गावाला माहीत होतं."

ते खरं होतं. ओटमारच्या टेबलावरच्या दोघांनाही माहीत होतं, फक्त तिथं एरहार्टचं नाव काढायची बंदी होती.