बुचाचा निवाडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापुढं माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या सगळ्या गणगोताला ठाऊक आहे. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही समजून घ्याल म्हणून नव्हे. सांगायचं ठरवलं आहे, आणि एकदा ठरवलं की मी मागं फिरत नाही. हाही माझ्या गर्वाचाच भाग समजा.

एका झाडावरून मी चारचौघांत एक शब्द बोललो. त्या शब्दानं एका माणसाचं नाव गेलं. गोष्ट एवढीच आहे, पण ती कळायला आधी मी कोण ते कळायला हवं.

शाळेत मी चित्रकला शिकवायचो. पण कोल्हापुरात मला ओळखत ते फुटबॉलचा पंच म्हणून. बढाई वाटेल — वाटू दे. माझा जन्म शिवाजी पेठेतला. तिथं पोरगं धड चालायच्या आधी बॉलला लाथ घालतं. अशा गावात पंच होणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कसं सांगू? निर्णय पटला नाही तर मैदानापासून घरापर्यंत शिव्या सोबतीला येतात, आणि शिव्या संपल्या की दगड. माझ्या अंगाला कधी खडा लागला नाही. आमच्याच पेठेच्या संघाविरुद्ध, सख्खा चुलतभाऊ गोलात उभा असताना, शेवटच्या क्षणी मी पेनल्टी दिली. आणि त्याच संध्याकाळी त्याच पेठेतून मान ताठ ठेवून चालत घरी गेलो. "मास्तरांनी दिली न्हवं? मग बरोबरच असंल की," असं लोक म्हणाले. हरलेले लोक, बरं का! जिंकलेले काय, कुणीही म्हणेल.

याचा मला गर्व होता. अजून आहे. तो झाकून कबुली द्यायची म्हणजे पुन्हा खोटंच की.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास पेठेबाहेरच्या नव्या वसाहतीत मी घर बांधलं. पुढं लहानसं अंगण, शहाबादी फरशी, कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे हमीदभाई राहायचे. ते गाद्या भरायचे, त्यांची पत्र्याची शेड आमच्या भिंतीला लागूनच होती. घर झालं, रंग झाला, पण दारात काही कमी वाटत होतं. झाड हवं होतं. तेही लिंबू-पेरूसारखं नव्हे. येणाऱ्याजाणाऱ्यानं मान वर करून बघितलं पाहिजे, असं.

म्हणून मी इंगवल्यांना बोलावलं. रंकाळ्याच्या बाजूला त्यांची रोपवाटिका होती आणि दारावर ठळक पाटी — 'उद्यानतज्ज्ञ'. शेतकी कॉलेजात शिकलेले गृहस्थ. डोक्यावर हॅट, आणि झाडाचं लॅटिन नाव घेतल्याशिवाय बोलणं पुरं व्हायचं नाही. माझ्याइतकेच ताठ. त्यामुळं आमचं लगेच जमलं. त्यांनी अंगण फिरून पाहिलं, माती चुरगाळून नाकाशी नेली आणि निकाल दिला, "मास्तर, बूच लावा. सरळसोट वर जातंय, पसारा न्हाय, आणि वासाचं तर इचारूच नका."

त्या वेळी ते आणखीही एक वाक्य बोलले होते. ते — ते नंतर सांगतो.

बूच वाढलं. कसं वाढलं म्हणता! आमचं पोरगं चौथीतून पाचवीत जाईपर्यंत ते छपराच्या वर गेलं. फुलं यायला लागली तशा वसाहतीतल्या पोरी सकाळीच परकराचे ओचे करून हजर. लांब दांड्यांची पांढरी फुलं, सुईदोऱ्याशिवाय नुसत्या दांड्या गुंफून त्या वेण्या करायच्या. मला अख्ख्या वसाहतीचा मालक असल्यासारखं वाटायचं. पुढं पुढं लोक पत्ता सांगताना 'बुचाच्या घराजवळ' म्हणायला लागले. शेंडा विजेच्या खांबाच्या वर गेला त्या दिवशी मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन कितीतरी वेळ बघत उभा होतो. तुम्ही हसाल. बायकोही हसली होती.

मग त्याचे गुण दिसायला लागले. मुळांतून जागोजाग फुटवे. एक कापला की शेजारी दुसरा. फरशा उचलायला लागल्या, न्हाणीच्या मोरीत पानं डोकावली. ते मी सोसलं. पण एका दुपारी वळवाचं वारं सुटलं आणि मांडीएवढी फांदी काडकन मोडून हमीदभाईंच्या शेडवर पडली. पत्रे फाटले. आत लग्नसराईच्या गाद्यांचा कापूस होता, तो सगळा भिजून लगदा झाला. खाली कुणी माणूस सापडला नाही हे नशीब.

हमीदभाई लगद्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, वरच्याची करणी हाय. तुमचा काय दोष?"

भला माणूस. पण मला ते वाक्य झोंबलं. वरच्याची करणी म्हटली की लोक आधी खाली बघतात — झाड कुणाच्या दारात आहे ते. आणि माझ्याकडे बोट? मी म्हणालो, वरच्याची नाही, तज्ज्ञाची.

दुसऱ्या दिवशी इंगवल्यांची रोपवाटिका गाठली. म्हटलं, एवढ्याशा अंगणाला तुम्ही हे झाड सुचवलंत, आता निस्तरा. ते गिऱ्हाइकांच्या घोळक्यात होते. हॅट मागं सारून म्हणाले, "झाड हाय ते मास्तर, सायकल न्हवं बदलून द्यायला!" घोळका हसला. माझ्या अंगाची आग आग झाली. मला हसतात?

आमच्याकडे असले तंटे कोर्टात जायच्या आधी तालमीत जात. रविवारी सकाळी पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर तात्या बसले होते, आमच्या वडिलांच्या बरोबरीचे जुने पैलवान. चार वडीलधारी माणसं, हमीदभाई, इंगवले आणि मी. मी माझी बाजू मांडली, आणि चोख मांडली. फरशा, मोरी, पत्रे, कापूस. तज्ज्ञ म्हणवून घ्यायचं तर जबाबदारीही घ्या, म्हणालो. लोकांच्या माना डोलल्या.

इंगवले उभे राहिले. झाड या जागेला जरा दांडगं झालं, हे त्यांनी कबूल केलं. पण म्हणाले, बुचाचं लाकूड ठिसूळ असतं, वेळेवर छाटावं लागतं, हे मी लावतानाच सांगितलं होतं. "आणि नुसतं सांगून न्हाई ऱ्हायलो. करवत घिऊन मी सवता आलतो छाटायला. मास्तरांनी दारातनं परत लावलं."

तात्यांनी विचारलं, कुणी बघितलं का? कुणीच नव्हतं. बायको तेव्हा भावाच्या लग्नाला नेसरीला गेली होती, हमीदभाई गाद्या पोचवायला हुपरीला.

आणि मग इंगवल्यांनी जे केलं ते आमच्या गावाशिवाय दुसरीकडे कुणी केलं असतं का, मला शंका आहे. त्यांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "साक्षीदार कशाला पायजे? समोर मास्तर हाईत. ह्या माणसानं आजपतोर खोटी शिट्टी मारली न्हाई. मी आलतो का न्हाई, त्यांनीच सांगावं. ते म्हणतील ते मला कबूल."

तंटा माझा आणि पंचही मीच! तात्यांनाही ते वावगं वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात संशयाचा कणही नव्हता.

मी म्हणालो, "नाही. आले नव्हते."

आता ऐका. इंगवले आले होते. आणि वेळेवर छाटायचं लावतानाच सांगितलं होतं, तेही खरं — मघाशी मी राखून ठेवलेलं वाक्य ते हेच.

झाड लावून तिसरं वर्ष सरत होतं. गोणपाटात गुंडाळलेली करवत, खांद्यावर शिडी, डोक्यावर ती हॅट. न बोलावता आले होते — सुचवलेलं झाड कसं आहे ते बघायला. बुंध्यावर हात फिरवत म्हणाले, आत्ता शेंडा खुडला आणि आडव्या फांद्या आखडल्या तर बुंधा धरेल, नाहीतर वाऱ्यात मोडायचा याचा स्वभाव आहे. मी वर बघितलं. खांब मागं टाकून आठवडाही झाला नव्हता. माझं झाड ठेंगणं करायचं? का — तर वारा येईल म्हणून? मी म्हणालो, इंगवले, झाड माझं आहे. त्यांनी पुन्हा समजावलं. अगदी नीट, रागावून नव्हे. मी फाटक उघडलं आणि ते बाहेर पडेपर्यंत धरून उभा राहिलो. चहासुद्धा विचारला नाही. कोल्हापुरात दारात आलेल्या माणसाला चहा न विचारणं — तुम्ही इकडचे असाल तर हे फाटक दाखवण्यापेक्षा मोठं आहे.

यातलं काहीच मी विसरलो नव्हतो. कट्ट्यावर 'नाही' म्हणताना शिडीच्या पायऱ्यासुद्धा डोळ्यांसमोर होत्या.

माझ्या त्या शब्दानंतर इंगवल्यांनी माझ्याकडे बघितलं. खेळाडूचा चेहरा वाचणं हा माझा धंदा. कोण खरा लागलाय आणि कोण लोळण घेतोय, लांबून सांगतो. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते थांबले होते. मी सुधारून घेईन म्हणून. मैदानात मी एक-दोनदा निर्णय फिरवलेला आहे, आणि त्याबद्दलही लोकांनी वाहवाच केली होती. इथंही केली असती.

मी सुधारलं नाही.

"मास्तर म्हणत्यात न्हाय," ते सावकाश म्हणाले, "मग न्हाय आलो." आणि सगळ्यांसमोर हात जोडून, "चुकलं माझं."

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. त्यांनी हमीदभाईंच्या शेडला नवे पत्रे घातले, कापूस भरून दिला. माझ्या अंगणातलं बूच स्वतः उभं राहून उतरवलं, खोड खणून काढलं, फरशी नव्यानं बसवली. एक फरशी किंचित तिरकी होती. मी ती बोटानं दाखवली आणि काढून पुन्हा बसवायला लावली. त्यांनी बसवली.

गावभर बोलबाला झाला. मास्तरांनी तज्ज्ञाला सरळ केला! मी हसून मान हलवायचो. इंगवल्यांना बंगल्यांतून बोलावणी यायची बंद झाली. वर्षभरात पाटीवरचं 'उद्यानतज्ज्ञ' पुसलं गेलं आणि तिथं नुसतं 'रोपे मिळतील' आलं. बायकोनं एकदाच विचारलं होतं, "खरंच आले नव्हते का हो ते?" मी तिलाही तेच सांगितलं.

झाड अंगणाला अयोग्यच होतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. एवढ्याशा जागेत बूच सुचवणं ही त्यांची चूकच. कितीतरी वर्षं मी या वाक्यामागं उभा राहिलो. पण मला कट्ट्यावर झाडाचं कुणी विचारलं होतं का? मला विचारलं होतं, हा माणूस आला होता का.

पुढं काही वर्षांनी एका अंतिम सामन्यात मी एक गोल नाकारला. ऑफसाइड होता, यात तिळमात्र शंका नाही. मैदान खवळलं. एक पोरगा कठड्यावर चढून ओरडला, "पंच खोटारडा हाय!" माझ्या आयुष्यात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आणि त्याच गर्दीतून इंगवले उठले — केस पिकलेले, हॅट नाही — आणि त्या पोरावर गरजले, "गप बस रं! मास्तर खोटं बोलत न्हाईत!"

ते हसत नव्हते. टोमणा होता का? खूप वर्षं मी तसं मानायचा प्रयत्न केला, पण चेहरे मला वाचता येतात. त्या एवढ्या मोठ्या मैदानात खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. गर्दी खाली बसली. पोरगाही बसला.

तेव्हा मला लाज वाटली, असं इथं सांगितलं तर बरं दिसेल. पण नाही वाटली. माझी छाती भरून आली. गावात आपलं नाव किती मोठं आहे, हेच माझ्या मनात आलं. त्यांच्याकडे न बघता मी चेंडू जागेवर ठेवला आणि खेळ पुढे सुरू केला.