समजूतदारांचा पाटकरी

गेणबानं एकतीस वर्षं कालव्यावर पाटकऱ्याची नोकरी केली, आणि त्या एकतीस वर्षांत त्याच्या चारीवरची एक तक्रार म्हणून वरच्या ऑफिसात गेली नाही. हे कुणी विचारलेलं नसलं तरी तो सांगतो. लग्नात पंगतीला सांगतो, दाढी करताना न्हाव्याला सांगतो. पाटकरी म्हणजे कुणाच्या उसाला किती तास पाणी, कालव्यातून रानाकडं निघणाऱ्या चारीचं दार कधी उघडायचं आणि कधी पाडायचं हे बघणारा माणूस. लासुर्ण्याच्या शिवारात अशा माणसाला शिव्या नाही बसल्या तर बातमी व्हावी. गेणबाला रिटायर होताना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

त्याची रीत साधी होती. दोघं भांडत आले की तो दोघांनाही खाली बसवायचा, चहा मागवायचा, आणि चहा संपेपर्यंत पाण्याचं नावच काढायचा नाही. मग दोघांपैकी एकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "तू समजूतदार हाईस. घे समजुतीनं." तो समजूतदार माणूस मान डोलवायचा, तंटा मिटायचा, तक्रारींची वही कोरी राहायची. आता खांदा कुणाचा निवडायचा हे गेणबाला कुणी शिकवलं नव्हतं. हात आपोआप जायचा. त्याची बायको लीलाबाई म्हणायची, "तुमचा हात लई हुशार हाय बघा, कधी जड खांद्यावर पडत न्हाय!" गेणबाला ही तारीफ वाटायची.

असा माणूस होड्यांच्या शर्यतीचा पंच झाला, यात नवल ते काय?

होड्या खेळण्यातल्या, पण खेळणं म्हटलं की खेळणारे चिडायचे. मीटरभर लांबीची होडी, माणसाच्या छातीएवढं शीड, काठावर उभं राहून रिमोटनं चालवायची. इंजिन नाही, सगळं वाऱ्यावर. हे खूळ आणलं पिंपळीच्या इंद्रजितनं. जन्मभर मालवाहू जहाजांवर काढून तो गावी परतला आणि पाण्यावाचून त्याला करमेना. लासुर्ण्यात दिग्विजयरावांचं एकरभर शेततळं होतं, खाली काळा कागद अंथरलेलं, वर वारा खेळता. दर रविवारी तिथं आठ-नऊ होड्या जमू लागल्या. बारामतीचे दोन मास्तर, एक दातांचा डॉक्टर, स्वतः दिग्विजयराव, आणि साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम करणारी रेश्मा. बाकीच्यांनी होड्या विकत घेतल्या होत्या. रेश्मानं आपली स्वतः बनवली होती, रोज ड्यूटीवरून आल्यावर पॉलिश पेपरनं घासून घासून.

भांडणं दुसऱ्याच रविवारी सुरू झाली. इंद्रजितनं इंग्रजी नियमांचं पुस्तक काढलं, त्याचं मराठी करून गेणबाच्या हातात दिलं आणि म्हणाला, "आबा, पाण्यावरचे तंटे तुमच्याइतके कुणी मिटवलेत?"

गेणबानं चष्मा लावून ते आठ दिवस वाचलं. वारा ज्या होडीच्या उजव्या अंगानं येतो तिला वाट. डाव्या अंगानं वारा घेणारीनं बाजूला व्हायचं. धडक दिली तर चूक करणाऱ्यानं आपण होऊन एक गोल फेरी मारायची, तीच शिक्षा. समोरची होडी मोडून शर्यतीतून बाद झाली, तर चूक करणाऱ्यानं सरळ शर्यत सोडायची. आणि जिची चूक नसताना नुकसान झालं तिनं दाद मागायची. तिच्या बाकीच्या शर्यतींत जे नंबर आले असतील त्यांची सरासरी काढून बुडालेल्या शर्यतीचा नंबर भरून द्यायचा.

"आपण होऊन?" गेणबानं लीलाबाईला विचारलं. "कुणी सांगायच्या आधी, आपली चूक आपण कबूल करून फेरी मारायची?"

"येड्यांचा बाजार हाय," लीलाबाई म्हणाली आणि कढईकडं वळली.

तरी खेळ चालला. मास्तर चुकले की मुकाट फेरी मारायचे, डॉक्टर जरा कुरकुरून मारायचा. दिग्विजयराव मात्र कधी चुकले नाहीत. कसे चुकतील? त्यांची लाल शिडाची होडी समोरून आली की सगळे आपापली होडी वळवून घ्यायचे, वारा कुठूनही येवो. तळं त्यांचं, काठावरचा मांडव त्यांचा, दुपारची मिसळ त्यांची. मालकाच्या तळ्यात मालकालाच आडवं जायचं म्हणजे काय, रीतभात आहे की नाही? दोन वर्षं असं चाललं. दिग्विजयराव माणूस दिलदार, हसतमुख, कुणाला वाकडा शब्द बोलायचे नाहीत. फक्त वारा उजवा कुठला आणि डावा कुठला हे दोन वर्षांत त्यांना शिकावंच लागलं नाही.

त्या वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मामला आला. वर्षभराच्या शर्यतींत जो पहिला, तो देशपातळीच्या स्पर्धेला जाणार होता. पहिल्या जागेवर दोघं होते, दिग्विजयराव आणि रेश्मा, आणि शर्यत एकच उरली होती. रेश्मानं कारखान्यात रजा आधीच मांडून ठेवली होती. गाळपाच्या दिवसांत रजा मिळवायची म्हणजे साहेबाच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात, त्याही तिनं काढल्या होत्या.

दुसऱ्या खुणेजवळ रेश्माची होडी उजव्या अंगानं वारा घेऊन निघाली. समोरून लाल शीड आलं, डाव्या वाऱ्यावर. बाजूला व्हायचं होतं लाल शिडानं. रेश्मा वळली नाही. काठावरचे सगळे तिच्याकडं बघू लागले, आता वळेल, मग वळेल. ती वळलीच नाही. धाडकन लाल होडीचं नाक तिच्या होडीच्या मागच्या अंगात घुसलं, सुकाणू तुटलं, आणि कित्येक महिन्यांची मेहनत कागदाच्या उतारावर जाऊन आडवी पडली.

"अरेरे!" दिग्विजयराव मनापासून हळहळले. "पोरी, दुसरी घेऊन देतो तुला, इंपोर्टेड!" आणि रिमोट न सोडता शर्यत पुरी करून तिसरे आले.

रेश्मा शिडांवरचे आकडे घेऊन मोठ्यानं म्हणाली, "सात नंबर, एक नंबरवर तक्रार."

मास्तरांनी खाली बघितलं, डॉक्टरला फोन आला. तळ्याच्या काठावर मिसळ वाढणाऱ्या बायांचे हातसुद्धा थांबले.

सुनावणी मोटरीच्या खोलीत बसली. गेणबानं पहिलं काम काय केलं असेल? चहा मागवला. इंद्रजित पुस्तक उघडून म्हणाला, "आबा, आधी घडलं काय ते विचारा." गेणबानं हातानंच त्याला थांबवलं. गेणबानं धडक डोळ्यांनी बघितली होती, वारा कुठून होता हे त्याला काठावरच्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त कळत होतं, म्हणून तर त्याला काही विचारायचं नव्हतं. चहा संपला. हात उठला आणि रेश्माच्या खांद्यावर जाऊन बसला.

"पोरी, तू समजूतदार हाईस…"

"आबा, हात काढा," रेश्मा म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "माझा बाप चारीच्या शेवटाला. त्याला तुमी एकतीस वर्षं समजूतदार म्हणला. दिग्विजयरावांचं रान चारीच्या तोंडाला. त्यांच्या वडलांना एकदा तरी म्हणला का?"

गेणबानं हात काढला. त्याला पहिल्यांदा राग आला. चांगला सणसणीत राग, कालची पोर आणि मला बोलते? रागाच्या भरात तो उत्तर शोधायला लागला. दिग्विजयरावांच्या वडलांना, म्हणजे थोरल्या रावसाहेबांना, आपण समजूतदार कधी म्हणालो? एकतीस वर्षांतला एक दिवस, एकच भांडण त्याला सापडलं असतं तर बिचारा तरला असता. तो एकेक भांडण आठवून बघत गेला. सापडलं नाही.

"डावा वारा तुमचा हुता, दिग्विजयराव," तो शेवटी म्हणाला. "तिची होडी मोडली. तुमी शर्यत सोडायची हुती. सोडली न्हाय, म्हणून बाद. पोरीला दाद मंजूर. बाकीच्या शर्यतींची सरासरी धरा."

सरासरी धरली आणि रेश्मा पहिली आली. दिग्विजयराव हसले, तिच्याशी हात मिळवला, सगळ्यांना आग्रहानं मिसळ खायला लावली. पुढच्या रविवारी तळ्याच्या फाटकाला कुलूप होतं आणि 'कागद बदलण्याचे काम चालू आहे' अशी पाटी. ते काम अजून चालू आहे. गावात मात्र निकाल त्याच दिवशी लागला: गेणबा म्हातारपणी तंटे लावायला लागला.

गेणबाला त्याचं दुःख झालं नसेल असं नाही. पण त्याला वेगळाच किडा लागला होता. चार दिवस नीट जेवला नाही. पाचव्या दिवशी सकाळी उठून, चप्पल घालून, तो चारीच्या काठाकाठानं शेवटापर्यंत चालत गेला. रेश्माचा बाप सिद्धू तिथं कोवळ्या उसाला मातीची भर देत बाळबांधणी करत होता. पूर्वी घरात मेंढरं होती, ती विकून त्याच्या वडलांनी हे दोन एकर घेतलेलं.

"सिद्धू, मी तुझी दाद घ्यायला आलोय," गेणबा म्हणाला.

"कसली दाद?"

गेणबानं त्याला सगळं समजावलं. ज्याची चूक नसताना नुकसान झालं त्याला भरून द्यायचं असतं. "आता पाणी काय मी मागं नेऊन देऊ शकत न्हाय. पण माझ्यामुळं तुझं किती बुडलं ते मला एकदा कळू दे. तुझ्या तोंडानं ऐकू दे. त्याची रीत अशी, की पाण्याच्या ज्या पाळ्या तुला पुऱ्या मिळाल्या त्यांच्यावरनं सरासरी काढायची. सांग, पुरी पाळी कवा कवा मिळाली?"

सिद्धू हसला नाही. त्यानं खोरं टेकवलं आणि खरोखरच आठवायला लागला, कारण पोरीचा बाप तोही तसाच. बोटं मिटू-उघडू लागला. एकदा ओठ हलले, मग त्यानं मान हलवली, तेव्हा चारी फुटली होती, ते पाणी पाळीचं नव्हतं. पुन्हा आठवू लागला. गेणबा उभाच होता, आणि मनातल्या मनात म्हणत होता, पाच सांग, चार सांग, अरे दोन तरी सांग.

"दोन मिळाल्या," सिद्धू म्हणाला.

गेणबाच्या जिवात जीव आला. "कुठल्या?"

"तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं न्हाय का, तुमी दीड म्हैना रजेवर हुता? तुमच्या जागी बदलीवर माणूस आला हुता. त्याला हितलं कोण ठावं न्हवतं. घड्याळ बघून दार उघडायचा, घड्याळ बघून पाडायचा." सिद्धूनं खोरं उचललं. "त्या दोन धरा, आबा."